आठव्या घरातला पाव तास

आमच्या मंडळाच्या अंकासाठी "तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा, पण आम्हाला समजेल असं लिहा," असं संपादकबाईंनी दोनदा बजावलंय. त्यातलं 'समजेल असं' हे माझ्या बायकोलाही पंचवीस वर्षांत जमलेलं नाही. ती अजून लोकांना सांगते, "हे टीव्ही दुरुस्त करतात." मी टीव्हीला आयुष्यात हात लावलेला नाही.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. वडील साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि मी इथलाच झालो. शाळा हिंदी, घरी मराठी, गल्लीत माळवी. त्यामुळे माझ्या मराठीत खडे लागतील, ते गोड मानून घ्या.

आता धंदा समजावतो. तेव्हा सगळीकडे विंडोज असायचं आणि बहुतेक चोरीचं असायचं. व्हायरस यायचे, मशीन बसायचं. मग दोन हजार चार-पाचच्या सुमाराला पोरांमध्ये लिनक्सची हवा आली. फुकट, व्हायरस नाही, चोरी नाही. पण लोकांना जे प्रोग्राम लागत, बिलाचे, पगाराचे, टायपिंगचे, ते सगळे विंडोजसाठी बनवलेले. विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर टाकणं म्हणजे पुण्याच्या सासूबाईंना झाबुआच्या बाजारात एकटं सोडणं. त्या बोलतात ते तिथे कोणाला कळत नाही, आणि चूक त्या स्वतःची मानत नाहीत. म्हणून मधे एक दुभाषी बसवावा लागतो. या दुभाष्या सॉफ्टवेअरचं नाव एका मादक पेयावरून पडलंय, त्यामुळे देवळा-बिवळाच्या घरात मी त्याला दुभाषीच म्हणायचो. हा दुभाषी दहातल्या आठ वेळा बरोबर सांगतो. उरलेल्या दोन वेळा मला बोलावतात. देवास आणि धार मिळून हे काम करणारा मी एकटाच होतो, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाइकंही जवळपास तेवढीच होती.

धारकडच्या मनावर गावी खतं-बियाणं विकणारे एक सेठ होते. त्यांच्या मशीनवर बिलाचा प्रोग्राम उघडला की 'परमिशन डिनाइड' यायचं. लिनक्समध्ये कोणाला काय उघडायची मुभा हे आधी ठरवावं लागतं, आणि ज्याने मशीन लावलं त्याने सगळी मुभा मुनीमजींच्या नावाने ठेवली होती. सेठजींनी मला समोर बसवून विचारलं, "भिया, दुकान म्हारी, मसीन म्हारी, ने परमिसन कणी की?" मी म्हटलं, मुनीमजींची. सेठ त्या दिवशी मुनीमजींशी बोलले नाहीत. मी पाच मिनिटांचं काम केलं आणि दोघांची समजूत काढायला संध्याकाळ गेली. या धंद्यात मशीन सुधारणं सोपं असतं.

पण लिहायचं आहे ते धारच्या नानागुरुजींबद्दल.

नानागुरुजींकडे एका जुन्या देवीची पूजा होती, पिढ्यान्‌पिढ्या. शिवाय ते पत्रिका करत. अमझेरा, सरदारपुरहून लोक यायचे. हाताने पत्रिका मांडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण लोकांना छापील हवी असायची, म्हणून त्यांनी पत्रिकेचा एक प्रोग्राम घेतला होता. विंडोजवर तो वर्षभर नीट चालला. मग त्यांचा इंदूरचा पुतण्या सुट्टीत आला, व्हायरसला कंटाळून त्याने विंडोज काढलं, लिनक्स टाकलं, दुभाषी बसवला आणि परत गेला. आठवड्याने माझ्या दुकानात फोन वाजला.

"मिस्त्री, कुंडली येते पण ग्रह येत नाहीत." गुरुजी मला पहिल्यापासून मिस्त्रीच म्हणत.

"म्हणजे कसं, गुरुजी?"

"घरं येतात. रिकामी. एका ओळीत. मग सगळं आपोआप मिटतं."

मी बस धरली. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, वाटेत एकदा टायर, तीन तास. गुरुजींच्या घरी पोचलो, हात-पाय धुतले, बटन दाबलं. प्रोग्राम उघडला, सगळे ग्रह जागच्या जागी. गुरुजी चष्मा पुसून बघत राहिले. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पोहे दिले. मी घरी आलो.

चार दिवसांनी परत फोन. परत बस. परत सगळं ठणठणीत आणि परत पोहे. तिसऱ्या खेपेला मी जिद्दीने सगळं लिनक्स पुसून नव्याने टाकलं, दुभाषी नवा बसवला, आतला पंखाही बदलला, ज्याचा ग्रहांशी काडीचा संबंध नव्हता. देवासला उतरतोय तोच बायकोचा निरोप, धारहून फोन येऊन गेला.

तोपर्यंत घरात प्रत्येकाचा सिद्धान्त तयार होता. गुरुजींचं म्हणणं, हा प्रोग्राम राहुकाळात चालत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. काकूंचं म्हणणं, पुतण्याने नवीन सिस्टम टाकताना नारळ फोडला नाही. त्यांनी मशीनला हळदीकुंकू लावून टाकलं होतं, थोडं सीडीच्या फटीतही. माझा सिद्धान्त असा की गुरुजी काहीतरी दाबतात. तिघांपैकी कोणीच मागे हटत नव्हतं.

यात खरी अडकली होती नलू. गुरुजींची एकुलती मुलगी, धारलाच शाळेत गणित शिकवायची, तिशी उलटलेली. हुशार, हसतमुख, पण पत्रिकेत आठव्या घरात मंगळ. कडक. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांना सांगतो, लग्नाच्या बाजारात याच्याहून वाईट काही नसतं. दुसरा एखादा बाप गप्प बसला असता. पण नानागुरुजी, आलेल्या प्रत्येक स्थळाला चहाच्या आधी स्वतः सांगायचे, "मुलीला मंगळ आहे हो, आठव्यात." लोक चहा पिऊन जायचे. अशी दहा वर्षं गेली होती.

आता देवासच्या शिरीषचं स्थळ होतं. आमच्या कॉलनीतलाच मुलगा, कारखान्यात हिशेबनीस. तो आणि नलू एका लग्नात भेटले होते आणि दोघांनी मनाने ठरवलंही होतं. शिरीषच्या आईची एकच अट होती. मुलीच्या बापाने हाताने मांडलेली पत्रिका चालणार नाही, कॉम्प्युटरची छापील हवी. रविवारी त्या येणार होत्या.

शनिवारी मी चौथ्यांदा धारला गेलो. गुरुजी देवळात होते. नलूने चहा आणून ठेवला आणि हळूच म्हणाली, "दिगूदादा, एक सांगू? रविवारपर्यंत नाही झालं तरी चालेल."

मी कप खाली ठेवला.

"नाना म्हणतात, मशीन खोटं बोलत नाही. मग ते छापूनच देईल ना, आठवा मंगळ. हाताने मांडलेल्यात निदान चूक असेल असं कोणी म्हणू तरी शकतं."

मी बावीस वर्षं या धंद्यात काढली, पण 'दुरुस्त करू नका' अशी विनंती तेवढी एकदाच ऐकली. आणि विनंती करणारीचे डोळे भरलेले होते. मला त्या प्रोग्रामचा, त्याच्या बनवणाऱ्याचा आणि त्या पुतण्याचाही राग आला. मी म्हटलं, "नलूताई, मला अजून तो बिघडलेलाच सापडला नाहीये. दुरुस्त कसा करणार?" ती हसली. तेवढ्यात गुरुजी आले.

गुरुजींनी माझ्यासमोर प्रोग्राम उघडला. चालला. कोणा सरदारपुरच्या पोराची पत्रिका मांडायला घेतली आणि लाईट गेली. आमच्याकडे त्या वर्षांत लाईट जाणं ही बातमी नसायची, असणं असायची. पाच मिनिटांत आली. मशीन परत सुरू केलं, प्रोग्रामवर दाबलं, आणि पडद्यावर एका ओळीत रिकामे चौकोन आले. मग सगळं मिटलं.

"बघ," गुरुजी म्हणाले, "रिकामी घरं."

मला इतका आनंद झाला की मी काकूंना हाक मारून बोलावलं. ती कुंडली नव्हतीच. तो प्रोग्राम मराठीत काहीतरी सांगत होता, पण पत्रिकेची अक्षरं त्याची स्वतःची असली तरी अशा निरोपाची अक्षरं तो विंडोजकडून उसनी घ्यायचा, आणि ती ना पुतण्याने टाकली होती ना मी, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी चौकोन येत होता. विंडोजच्या जुन्या सीडीवरून मी ती अक्षरं आणून बसवली आणि परत दाबलं. आता ओळ वाचता आली: 'संगणकाचे घड्याळ मागे नेल्याचे आढळले आहे. कार्यक्रम बंद होत आहे.'

गुरुजी लाल झाले. "मी घड्याळ मागे नेलं? अरे, या घरात घड्याळ कधी मागे गेलेलं नाही."

आता हे जरा सावकाश सांगतो. तो प्रोग्राम वर्षाच्या बोलीवर विकलेला होता. पैसे भरले की वर्षभर चालणार. कोणी घड्याळ मागे फिरवून वर्ष लांबवू नये, म्हणून तो शेवटचा वापरला तेव्हा किती वाजले होते हे लक्षात ठेवायचा. उघडताना त्याहून कमी वाजलेले दिसले की त्याला वाटायचं, मालक चोर आहे. मग तो निरोप द्यायचा आणि मिटायचा.

"गुरुजी, तुम्ही कॉम्प्युटरचं घड्याळ लावता का?"

"रोज. पूजा झाली की. हे भिंतीवरचं बघतो, दहा मिनिटं वजा करतो आणि लावतो."

"दहा का वजा?"

"आमच्या वडिलांनी ते दहा मिनिटं पुढे करून ठेवलंय. आरतीला उशीर नको म्हणून. खरी वेळ काढायची तर दहा वजा करायचे."

"आणि मशीन बंद कसं करता?"

त्यांनी भिंतीवरच्या बटनाकडे बोट दाखवलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. विंडोजमध्ये घड्याळ बदललं की ते आतल्या बॅटरीच्या घड्याळातही लगेच बदलतं. हे लिनक्स मात्र, नीट रीतसर बंद केलं तरच बदल आत लिहून ठेवायचं. गुरुजी भिंतीवरून बंद करायचे, नाहीतर लाईट जायची. मशीन परत उठलं की लिनक्स टाकताना लावलेली बॅटरीची खरी वेळ घेऊन उठायचं, आणि ती गुरुजींच्या वेळेच्या मागे असायची. म्हणून प्रोग्राम रुसायचा. तेवढा वेळ उलटून गेला की आपोआप बरा व्हायचा. मी तीन तासांनी पोचायचो, मला काय दिसणार?

फक्त एक गोष्ट जमत नव्हती. दहा वजा केल्यावर गुरुजींची वेळ खरी असायला हवी होती. मग मशीनची वेळ तिच्या मागे कशी? मी माझ्या मनगटाकडे बघितलं आणि बोललो, "हे भिंतीवरचं दहाहून जास्त पुढे आहे."

"शक्य नाही," गुरुजी म्हणाले.

"नाना, अर्धा तास पुढे आहे ते," नलू म्हणाली. "मी शाळेत जाताना अर्धा तास धरते."

तर असं होतं. ते घड्याळ पुढे आहे हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. किती पुढे, हे प्रत्येकाला वेगळं माहीत होतं. गुरुजी मनगटी घड्याळ घालत नसत, मोबाइल वापरत नसत, आणि टीव्ही त्यांनी घरात येऊ दिला नव्हता. बाहेरच्या लग्नांना यजमानांचं घड्याळ असायचं. स्वतःचं कोणाशी ताडून बघायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती.

शेवटी शेजारून रेडिओ आणला. बातम्यांच्या आधी ठोके वाजतात, त्यासाठी आम्ही चौघं भिंतीसमोर उभे राहिलो, आरतीला राहतात तसे. शेवटचा ठोका पडला. घड्याळ बरोबर पंचवीस मिनिटं पुढे होतं. वडिलांची दहा सोडली तर वर पाव तास.

"हा पाव तास कुठून आला?" गुरुजींनी विचारलं.

मग काकू पदर सारखा करत म्हणाल्या, "मी केला तो."

"तू?"

"लग्न होऊन आले तेव्हा. तुमची मेली दहा वजा करायची सवय. घड्याळ ओरडतंय आणि तुम्ही आपले निवांत, अजून दहा आहेत म्हणून. सासूबाई बोलणी मला घालायच्या. मग एक दिवस केलं पाव तास पुढे. तेव्हापासून एकदा तरी आरतीला उशीर झाला का तुम्हाला?"

मला हसू येत होतं, आणि मी मोठ्याने हसलोही असतो, पण नलूकडे लक्ष गेलं. ती गणिताची. तिचा हिशेब आमच्या आधी झाला होता.

"आई," ती म्हणाली, "मी घरीच जन्मले ना? याच खोलीत?"

काकूंचा हात तोंडावर गेला.

गुरुजींनी प्रोग्रामकडे ढुंकूनही बघितलं नाही. पाटी घेतली, पंचांग घेतलं, खाली बसले. नलूच्या जन्माची वेळ त्यांनी याच घड्याळावरून टिपली होती, इमानदारीने दहा वजा करून. आता त्यातून पाव तास आणखी काढला. पत्रिकेत ज्याला लग्न म्हणतात ती पहिली रास तेव्हा जेमतेम पालटलेली होती, ती मागची आली. सगळी घरं एकाने सरकली. आठव्या घरातला मंगळ नवव्या घरात गेला. नवव्यातल्या मंगळाला कोणी काही म्हणत नाही.

तेवढ्यात मी मशीनची वेळ नीट लावून दिली होती. प्रोग्राम उघडला, नलूची खरी वेळ घातली, कागद छापून काढला. पाटीवर होतं तेच आलं.

काकू रडायला लागल्या. "म्हणजे पोरीचा मंगळ मी आणला. दहा वर्षं मी सोमवार केले, आणि मीच आणला."

मी इतक्या लोकांच्या घरी गेलो, हार्डडिस्क जळलेल्या बघितल्या, कोणाचे आयुष्यभराचे फोटो गेलेले बघितले. पण त्या खोलीत मला जसं वाटलं तसं कुठे वाटलं नाही. हसावं का रडावं कळत नव्हतं. गुरुजी पाटीकडे बघत म्हणाले, "प्रत्येकाला मीच सांगत गेलो. माझ्या तोंडाने. चहाच्या आधी." एवढंच. तीनदा म्हणाले.

नलूने स्टूल ओढलं, वर चढली, घड्याळाची काच उघडली आणि काटा मागे फिरवला. त्या घरात पहिल्यांदाच. "झालं," खाली उतरून म्हणाली. "आई, रडू नको. दहा वर्षांपूर्वी हे कळलं असतं तर तेव्हा चहा पिऊन गेलेला तो मनावरचा खत-दुकानवाला पदरात पडला असता माझ्या." आणि मग मात्र तीही आईच्या गळ्यात पडून रडली. मी बाहेर ओसरीवर जाऊन उभा राहिलो.

त्या संध्याकाळी आरतीला उशीर झाला. घड्याळ बरोबर होतं, पण गुरुजींनी सवयीने दहा वजा केले.

रविवारी शिरीषची आई आली. गुरुजींनी चहाच्या आधी सगळं सांगितलं, वडिलांची दहा, काकूंचा पाव तास, रेडिओ, काहीही न लपवता. दोन्ही पत्रिका समोर ठेवल्या. बाईंनी दोन्ही बाजूला सारल्या आणि काकूंना विचारलं, "सासूबाई खूप बोलायच्या का हो तुम्हाला?" मग त्या दोघी आत गेल्या, त्या तासाभराने बाहेर आल्या. लग्न ठरलं होतं.

लग्न देवासलाच लागलं, आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये. मंगलाष्टकं म्हणायला इंदूरचे गुरुजी होते, पण वेळ बघायचा मान नानांनी कोणाला दिला नाही. अंतरपाट धरला, लोक अक्षता घेऊन उठले, आणि नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून थबकले. विश्वास उडाला होता त्यांचा. शेजारच्याला विचारलं, त्याने एक वेळ सांगितली. त्याच्या पलीकडच्याने दुसरी. हॉलभर लोक आपापली मनगटं बघायला लागले आणि कोणाचं कोणाशी जमेना. नानांनी गर्दीतून मला शोधलं.

"मिस्त्री, तुझ्यात किती वाजले?"

मी अभिमानाने मनगट वर केलं आणि सांगितलं. नाना मान डोलावून हात वर करणार, एवढ्यात अंतरपाटाच्या मागून नवरीचा आवाज आला.

"नाना, थांबा. दिगूदादा बस चुकू नये म्हणून पाच मिनिटं पुढे ठेवतात. मी त्या दिवशी रेडिओच्या ठोक्याला बघितलंय."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. खरंच होतं ते, मीच विसरलो होतो. नानांनी हात खाली घेतला. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, मुलांनी अर्ध्या अक्षता आधीच उडवल्या, कोणीतरी मागून कुरकुरलं. पण नाना हलले नाहीत. पोरीची पाच मिनिटं त्यांनी पुरती जाऊ दिली, आणि मगच सावधान म्हणायला सांगितलं.